ख्रिस्तपुराण आणि साष्टींतील श्रोता

ख्रिस्तपुराणाविषयीं मराठींत जें लिहिलें गेलें आहे त्याचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गांतील लेखक ग्रंथारंभीं आलेल्या मराठी भाषेच्या स्तुतीपाशीं येऊन थबकतात. एका इंग्रज धर्मोपदेशकानें आपल्या भाषेचा असा गौरव करावा याचें त्यांस इतकें कौतुक वाटतें कीं त्या मूठभर ओंव्यांपुढें आणखी दहा हजारांहून अधिक ओंव्या आहेत याचा त्यांस विसर पडतो. दुसऱ्या वर्गांतील लेखक ग्रंथ उघडण्यापूर्वींच निकाल देऊन मोकळे होतात : देवळें पाडणारांच्या गोटांतून निघालेलें पुराण, तेव्हां तें बाटविण्याचें हत्यार, त्यांत आणखी काय शोधावयाचें? पहिल्या पक्षाची प्रीति व दुसऱ्या पक्षाचा रोष, दोन्ही समजण्यासारखीं आहेत. परंतु दोघेही पाहतात तें ग्रंथकर्त्याकडे. ज्यांच्यासमोर तो ग्रंथ वाचला गेला त्या साष्टी महालांतील नवख्रिस्ती गांवकरांकडे वळून पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतलेली दिसत नाहीं. आमचें म्हणणें असें आहे कीं, ख्रिस्तपुराणाचा घाट, त्याची भाषा व पुष्कळ अंशीं त्याचा सूरही या श्रोत्यानें ठरविला आहे. आणि या श्रोत्याची त्या काळांतील स्थिति ध्यानांत घेतल्यावांचून त्या काव्याचें परीक्षण करणें म्हणजे पत्र कोणास लिहिलें हें न पाहतां त्यांतील अक्षराची वाखाणणी करण्यासारखें आहे.

ग्रंथकर्त्याचें चरित्र सर्वपरिचित असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. टॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांतला. १५७५ त रोम येथें तो जेझुइट संघांत शिरला, १५७९ च्या एप्रिलांत लिस्बन सोडून त्याच वर्षीं ऑक्टोबरांत गोव्यास उतरला आणि १६१९ मध्यें मरेपर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस वर्षें, बहुतेक साष्टींतच राहिला. त्याचा पुराणग्रंथ १६१६ त रायतूर (राचोल) येथें रोमन लिपींत प्रथम छापला गेला. पुढें १६४९ व १६५४ मध्यें पुन्हां छापला गेला. या तीनही छापांपैकीं एकाचीही प्रत आज उपलब्ध नाहीं. १९०७ मध्यें जोसेफ सालढाणा यांनीं मंगळूर येथें हस्तलिखितांवरून जी आवृत्ति काढली तिजवर पुढील सर्व अभ्यास उभा आहे. तींत पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ असे ९५ अवस्वरु म्हणजे अध्याय असून ओंव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरांत जाते. पहिलें पुराण जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या करारांतील कथा सांगतें. दुसरें येशू ख्रिस्ताचें चरित्र सांगतें.

आतां श्रोत्याकडे वळूं. तिसवाडी पोर्तुगीजांनीं १५१० त घेतली. साष्टी व बारदेश हे महाल त्यांच्याकडे कायमचे आले ते १५४३ त, आदिलशाहीकडून. आरंभींचीं कांहीं वर्षें महसुलापलीकडे रयतेस फारसा उपसर्ग पोंचला नाहीं. धर्मकारणाची खरी आंच लागली ती त्यापुढच्या पिढीस. १५६० त गोव्यांत इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६७ त गोव्याची पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली आणि तींत मूर्तिपूजकांच्या धर्मोपदेशकांस हद्दपार करावें, त्यांचे सार्वजनिक विधि बंद करावे, असे ठराव झाले. त्याच सुमारास रायतूरच्या किल्लेदारानें साष्टींतील देवळें पाडण्याची मोहीम काढली. देवळांच्या मूर्ति रातोरात खाडीपलीकडे, अजून आदिलशाही अमलांत असलेल्या अंत्रूज महालांत गेल्या. कुठ्ठाळचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. आज त्या देवस्थानांचें वैभव पाहणाऱ्यास हीं निर्वासितांचीं घरें आहेत हें सांगितल्यावांचून कळत नाहीं.

देव गेले, त्यांच्याबरोबर कांहीं कुळें गेलीं. पण गांव गेला नाहीं. येथें गोव्याच्या गांवकरीचें स्वरूप लक्षांत घेतलें पाहिजे. जमीन गांवच्या मूळ कुळांच्या समाईक मालकीची. तिचा सारा सरकारांत भरून जें उरे तें गांवकरांत वांटलें जाई. त्यांतूनच देवळाचा खर्च चाले. पुजारी, पुराणिक, वाजंत्री, सुतार, लोहार यांना नेमून दिलेल्या जमिनी असत. देवळें पडल्यावर या इनाम जमिनींचें उत्पन्न सरकारी हुकमानें चर्चकडे, पाद्र्यांच्या योगक्षेमाकडे व चर्चला जोडलेल्या शाळांकडे लावून देण्यांत आलें. म्हणजे नवें चर्च ज्या पैशावर उभें राहिलें तो पैसा गांवाचाच होता, आणि त्याचा हिशेब ठेवणारेही पूर्वीचेच गांवकर होते. चर्चच्या उत्सवाचा मान, मिरवणुकींतील जागा, संघाचें (कोंफ्रारीचें) सभासदत्व यांवरून पुढें ब्राह्मण व चारडो कुळांत जे तंटे झाले, ते देवळाच्या मानपानाच्या तंट्यांचेच वंशज होत. ज्यांस धर्मांतरानें समाज पार उलटापालटा झाला असें वाटतें त्यांनीं हें पाहावें. उलथापालथ भयंकर होती यांत शंका नाहीं. पण ज्या पात्रांत ती झाली तें पात्र जुनेंच होतें. नव्या ख्रिस्ती माणसास सकाळीं घंटा ऐकून चर्चला जावें लागे, मुलांस दोत्रिन म्हणजे धर्मप्रश्नोत्तरी पाठ करवावी लागे, घरांतील जुन्या खुणा पुसाव्या लागत. तथापि दुपारीं तो त्याच शेताच्या बांधावर, त्याच भावकींत, त्याच लिलावाच्या बैठकींत असे. अशा माणसाच्या आयुष्यांत एक जागा मात्र अगदीं रिकामी झाली होती. संध्याकाळीं देवळाच्या सभामंडपांत बसून पुराण ऐकण्याची सोय आतां उरली नव्हती.

ही रिकामी जागा किती मोठी होती याची कल्पना येण्यास एक गोष्ट सांगणें पुरे. स्टीफन्सपूर्वीं गोव्यांत पुराणवाङ्मयाची परंपरा चांगली रुजलेली होती. कृष्णदास शामाचें कृष्णचरित्र १५२६ मधील आहे. गांवांत जें ऐकण्यास मनाई झाली तेंच वाङ्मय जेझुइटांनीं आपल्या अभ्यासासाठीं रोमन लिपींत उतरवून घेतलें. रामायण-महाभारतांतील कथांचीं कोंकणी व मराठी बाडें पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत आजही आहेत. जेथें श्रोत्याच्या हातून पोथी काढून घेण्यांत आली तेथेंच उपदेशकाच्या कपाटांत तिची नक्कल जाऊन बसली. या व्यवहाराला काय नांव द्यावें तें वाचकांनीं ठरवावें. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं, पुराण म्हणजे काय, त्याची बैठक कशी असते, श्रोता कोठें डोलतो, हें जेझुइटांस नीट ठाऊक झालें.

या सर्व प्रकाराला रक्ताचा डाग लागला तो १५८३ त, कुंकळ्ळी येथें. कुंकळ्ळी व तिच्या आसपासचीं असोळणें, वेरोडें इत्यादि गांवें सारा देण्यास नाकारीत होतीं आणि पाडलेलीं देवळें पुन्हां उभारीत होतीं. त्यांवर सरकारी फौज गेली, देवळें पुन्हां पाडलीं गेलीं, आणि या कामांत कांहीं धर्मोपदेशकही फौजेबरोबर होते. पुढें १५ जुलै १५८३ रोजीं चर्चकरितां जागा पाहण्यास आलेल्या मंडळीवर गांवकरांनीं हल्ला केला. त्यांत पांच जेझुइट व त्यांच्याबरोबरचे कित्येक ख्रिस्ती ठार झाले. मृतांपैकीं रुडॉल्फ आक्वाव्हिवा हा १५८० पासून अकबराच्या दरबारीं राहून नुकताच परतलेला होता. नंतर कुंकळ्ळीच्या मुख्य गांवकरांस वाटाघाटींच्या निमित्तानें असोळणें येथें बोलावून ठार मारण्यांत आलें. मेलेल्या पांच जेझुइटांस १८९३ मध्यें धन्यवादित पद मिळालें. मेलेल्या गांवकरांची स्मृति त्यांची देवता फातर्प्यास घेऊन गेली, आणि तेथून देवीची छत्री वर्षांतून एकदां आपल्या मूळ गांवीं येते.

या घटनेनंतर तीन महिन्यांनीं, २४ ऑक्टोबर १५८३ रोजीं, स्टीफन्सनें आपल्या भावास एक पत्र धाडलें. त्यांत कुंकळ्ळीच्या हत्येचा वृत्तान्त आहे. आणि त्याच पत्रांत या देशांतील भाषांचें वर्णन आहे : त्यांचा उच्चार कानास गोड लागतो, व त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे. युरोपीय व भारतीय भाषांचें साम्य हेरणारा आरंभींचा युरोपीय म्हणून या वाक्याकरितां स्टीफन्सचें नांव भाषाशास्त्राच्या इतिहासांत घेतलें जातें. आम्हांस मात्र या दोन मजकुरांचें शेजार अधिक बोलकें वाटतें. सोबत्यांचीं प्रेतें पाहिलेल्या माणसाच्या लेखणींतून, त्याच बैठकींत, मारणारांच्या भाषेविषयीं कौतुकाचे शब्द उतरतात. याला क्षमा म्हणण्याचें कारण नाहीं, कारण गांवकरांवर ओढवलेल्या सूडाबद्दल त्या माणसानें कोठें हळहळ व्यक्त केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. पण पुढील तीस वर्षें त्यानें काय केलें याचें बीज येथें आहे. ज्या लोकांस जिंकतां येतें पण ज्यांचें मन हातीं येत नाहीं, त्यांच्याशीं त्यांच्याच बोलींत बोललें पाहिजे, ही जाणीव कुंकळ्ळीनंतरच्या साष्टींत कोणाही विचारी पाद्र्यास झाली असती.

ख्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अध्यायांत एक प्रसंग आहे. या प्रसंगावर आमच्या सर्व प्रतिपादनाचा भार असल्यामुळें तो नीट पाहणें अवश्य आहे. साष्टींतील एका चर्चमध्यें रविवारीं मुलांकडून दोत्रिनीचीं प्रश्नोत्तरें म्हणवून घेणें चाललें आहे. तें ऐकत बसलेला एक ब्राह्मण उठून पाद्री-गुरूस विनंति करतो. तिचा आशय असा : हीं प्रश्नोत्तरें चांगलीं आहेत; पण आमचीं पूर्वींचीं पुराणें वाचण्यास तुम्हीं आम्हांस मना केलें; मग त्यांच्या जागीं तसेंच एखादें पुराण मराठी भाषेंत आम्हांस कां देत नाहीं ? ग्रंथांत पुढें जी कथा सांगितली आहे ती या विनंतीचें उत्तर म्हणून.

पुराणाच्या आरंभीं श्रोत्यानें प्रश्न विचारावा व वक्त्यानें कथा सांगावी हा जुना संकेतच आहे. परीक्षितीवांचून शुक नाहीं. तेव्हां हा ब्राह्मण केवळ संकेतासाठीं कल्पिलेला आहे, असें कोणी म्हणेल. हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. संकेताचा श्रोता ज्ञानाची इच्छा धरतो, मोक्षाचा मार्ग विचारतो. हा श्रोता तसें करीत नाहीं. तो भरपाई मागतो. तुम्ही अमुक वस्तु नेली, तिच्या मोबदल्यांत अमुक द्या, हा त्याचा सूर गांवकरीच्या सभेंतला आहे. त्याच्या मागणींत एक शालीन तक्रारही आहे कीं, मुलांसाठीं असलेली प्रश्नोत्तरी प्रौढ माणसास पुरत नाहीं. पाठांतरानें धर्म येतो. पण धर्मांत रमणें हें निराळें, आणि तें कथेवांचून होत नाहीं. कवीनें हें बोलणें ग्रंथारंभीं घातलें, इतकेंच नव्हे तर वरिष्ठांच्या परवानगीनें छापिलें, यावरून त्यांत सत्याचा मोठा अंश असला पाहिजे असें आम्ही समजतों. पुराणांवरील बंदीनें लोकांच्या मनांत पोकळी पडली आहे ही कबुली बंदी घालणाऱ्या पक्षाच्याच ग्रंथांत सांपडते, आणि ऐतिहासिक साधन म्हणून तिचें मोल मोठें आहे.

ही मागणी खरी होती याचा दुसरा पुरावा भाषेचा. स्टीफन्सनें दोन प्रकारचीं पुस्तकें लिहिलीं. त्याची दोत्रिन (मुद्रण १६२२) साष्टींतील ब्राह्मणांच्या बोलींत, म्हणजे कोंकणींत आहे. त्याचें व्याकरण (मुद्रण १६४०) त्याच बोलीचें आहे. दोन्ही त्याच्या मरणानंतर प्रसिद्ध झालीं. पुराण मात्र मराठींत आहे. केवळ उपदेश पोंचविणें एवढाच हेतु असता तर ज्या भाषेंत मूल प्रार्थना शिकतें तीच पुरेशी होती. पण साष्टींतील माणसाच्या कानाला घरची भाषा कोंकणी व पुराणाची भाषा मराठी असा भेद पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला होता. कोंकणींतील गद्य कितीही सुबोध झालें तरी त्यास तो पुराण म्हणता ना. स्टीफन्सनें गद्य प्रस्तावनेंत स्वतः सांगितलें आहे कीं अशा विषयास मराठी योग्य म्हणून ती घेतली, पण शुद्ध मराठी पुष्कळांस कळत नाहीं म्हणून तींत ब्राह्मणी बोलीचे सोपे शब्द मिसळले. या एका वाक्यांत श्रोत्याची मागणी व श्रोत्याची मर्यादा दोन्ही आलीं. मराठीच्या स्तुतीचा अर्थही या प्रकाशांत थोडा बदलतो. फुलें, सुगंध, पक्षी यांच्या उपमांनीं नटलेल्या त्या ओंव्या म्हणजे परक्यानें मराठीस दिलेलें प्रशस्तिपत्र, अशी जी समजूत शाळांच्या क्रमिक पुस्तकांनीं रुजविली, ती अपुरी आहे. तुमची पुराणाची भाषा मी उणी लेखीत नाहीं, हें आश्वासन त्यांत आहे, आणि तें ज्यांस दिलें ते समोर बसलेले होते.

शब्दयोजनेंतही हीच सावधगिरी दिसते. देवास परमेश्वर, स्वर्गास वैकुंठ, श्रद्धेस भावार्थ, सैतानास देवचार, नरकास यमकोंड हे शब्द त्यानें बेधडक घेतले. वैकुंठ म्हटल्यावर श्रोत्याच्या डोळ्यांपुढें काय उभें राहील याची त्यास कल्पना नव्हती असें म्हणवत नाहीं. जुन्या घरांत नवा धनी आणून बसविण्याची ही रीत धाडसाची होती. घर ओळखीचें असल्यामुळें श्रोता आंत येई, पण आंत आल्यावर तो कोणास नमस्कार करीत होता हें सांगणें कठीण. यांतील भावार्थ, देवचार, यमकोंड हे शब्द गोव्याच्या ख्रिस्ती लोकांच्या कोंकणींत आजही नांदत आहेत. चारशें वर्षांत मूळ संदर्भ विसरला गेला व शब्द निखळ ख्रिस्ती झाले. भाषा अशा रीतीनें धर्मांतर करते, आणि तिच्यावर कोणास फौज न्यावी लागत नाहीं.

काव्य या दृष्टीनें ग्रंथ सर्वत्र सारखा नाहीं. एकनाथी भागवत १५७३ त पुरें झालें. म्हणजे एकनाथ व स्टीफन्स हे जवळजवळ समकालीन. ओंवी दोघांची एकाच कुळांतली : तीन चरण यमकाचे, चौथा मोकळा. पण एकनाथाची ओंवी जेथें विचाराच्या ओघांत सहज वळण घेते तेथें स्टीफन्सची पुष्कळदां पाय मोजून टाकते. पहिल्या पुराणांत वंशावळी व राजांच्या कथा येतात त्या ठिकाणीं तर ती निव्वळ वाहतूक करते. आम्ही हा भाग कर्तव्य म्हणून वाचला. याच्या उलट, येशूचा जन्म, त्याच्या यातना व वधस्तंभावरील मरण हे दुसऱ्या पुराणांतील भाग वाचतांना ओंवीचा पोत पालटल्याचें लगेच जाणवतें. येथें कवीस शास्त्र सांगावयाचें नसतें. एका आईचें मूल व त्याचे हाल सांगावयाचे असतात, आणि ज्या श्रोत्यांनीं आपल्या गांवांत अशीं प्रेतें पाहिलीं होतीं त्यांस समजावून सांगण्याचीही गरज नव्हती. हा संबंध कवीनें स्वतः कोठें जोडलेला नाहीं. तरी या अध्यायांतील संयम पाहून असें वाटतें कीं त्यास आपल्यासमोरील चेहरे दिसत होते.

या संयमाची किंमत कळावयाची तर फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्र्वा याचें सेंट पीटरवरील पुराण शेजारीं ठेवून पाहावें. १६२९ मध्यें गोव्यांत छापलेला हा ग्रंथही मराठींत व ओंवीबद्ध आहे. ग्रंथकाराचें मराठीवरील व हिंदु पुराणांवरील प्रभुत्व स्टीफन्सपेक्षां कमी नाहीं, कदाचित् जास्तच असेल. पण तें सारें ज्ञान हिंदु देवतांच्या खंडनांत व उपहासांत खर्ची पडलें आहे. वक्ता तेथें श्रोत्याशीं बोलत नाहीं. श्रोत्याच्या मेलेल्या आजोबाशीं भांडतो. मूर्तिपूजेचा निषेध ख्रिस्तपुराणांतही आहे, व बायबलाच्या कथेंत संधि येईल तेथें तो स्पष्ट शब्दांत येतो. परंतु साष्टींतील एखाद्या देवाचें नांव घेऊन त्याची विटंबना करणें हा त्या ग्रंथाचा व्यवसाय नव्हे. याचें श्रेय कांहीं लोक स्टीफन्सच्या सौम्य स्वभावास देतात. आम्ही तें निम्में त्याच्या स्वभावास व निम्में त्या रविवारच्या ब्राह्मणास देऊं. जो स्वतः येऊन पुराण मागतो त्यास शिव्या ऐकवून चालत नाहीं.

येथेंच ग्रंथाचा मोठा दोषही सांगितला पाहिजे. ज्या भूमींत पुराण सांगितलें जात आहे तिची जखम पुराणांत कोठेंच नाहीं. मनाई केलेल्या पोथ्यांचा उल्लेख आहे. पाडलेल्या देवळांबद्दल, देव घेऊन रातोरात निघून गेलेल्या भाऊबंदांबद्दल, एका आईच्या दोन मुलांपैकीं एक खाडीच्या अलीकडे ख्रिस्ती व एक पलीकडे हिंदु राहिला या घरोघरच्या दुःखाबद्दल, समाधानाचा एक शब्द नाहीं. जुन्या करारांत परागंदा झालेल्या लोकांची कथा आहे, मंदिराच्या विध्वंसाची कथा आहे. ती कथा साष्टींतल्या श्रोत्यांस सांगतांना कवीच्या जिभेवर कांहींच अडलें नसेल काय ? त्याच्या संघाचें स्थान पाहतां असा शब्द तो उच्चारूं शकत नव्हता, हें खरें. परंतु तो न उच्चारल्यानें ग्रंथ जेथें थोर होऊं शकला असता त्या जागीं तो फक्त कुशल राहिला, असें आमचें मत आहे.

लिपीचा प्रश्नही श्रोत्याशीं निगडित आहे. डिसेंबर १६०८ च्या एका पत्रांत स्टीफन्सनें आपल्या संघप्रमुखास कळविलें होतें कीं या देशाच्या भाषेंत व या देशाच्याच अक्षरांत पुस्तकें छापलीं जावीं ही आपली फार दिवसांची इच्छा आहे. अडचण एवढीच कीं युरोपीय चोवीस अक्षरांऐवजीं येथें सहाशें ठसे पाडावे लागतात. ती इच्छा पुरी झाली नाहीं व ग्रंथ रोमन लिपींत निघाला. त्यामुळें तो वाचूं शकणारा मनुष्य म्हणजे चर्चच्या शाळेंत शिकलेला. इतर सर्वांनीं तो ऐकावयाचा. पुराणाच्या दृष्टीनें हें कांहीं वावगें झालें नाहीं, कारण पुराण ऐकण्यासाठींच असतें. तथापि देवनागरी प्रतीचाही पत्ता लागला आहे. लंडन येथील प्राच्यविद्याशाळेंतील मार्सडेन संग्रहांत असें एक हस्तलिखित आहे. जस्टिन ॲबट यांनीं १९२३ त तें उजेडांत आणून हीच मूळ संहिता होय असें मत मांडलें. तींत रोमन प्रतींमधील पोर्तुगीज-लॅटिन धर्मशब्दांच्या ऐवजीं पुष्कळ ठिकाणीं संस्कृत शब्द आहेत. ॲबट यांचें अनुमान घाईचें आहे. परभाषेंतील शब्द काढून संस्कृत शब्द घालणें हें काम मूळ कवि जसें करील तसेंच मागाहूनचा एखादा देशी विद्वानही करील, आणि तसा विद्वान निघणें याचा अर्थ तर असा कीं, श्रोत्यानें पुराण नुसतें ऐकलें नाहीं, तें दुरुस्त करून आपलें केलें. हा पर्याय आम्हांस कमी मोलाचा वाटत नाहीं. शांताराम बंडेलू यांची १९५६ ची, फादर कारिदाद द्रागो यांची १९९६ ची व फादर नेल्सन फलकाव यांची २००९ ची देवनागरी आवृत्ति यांमुळें ग्रंथ मराठी वाचकाच्या आटोक्यांत आला. परंतु दोन्ही परंपरांचे पाठभेद ओंवीगणिक समोरासमोर मांडण्याचें काम अजून कोणीतरी सविस्तर हातीं घ्यावयास पाहिजे.

अडतीस वर्षांत तीन मुद्रणें हा त्या काळच्या मानानें मोठाच प्रसार म्हटला पाहिजे. तो थांबला कसा ? १६८३ च्या डिसेंबरांत संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी व बारदेशांत शिरल्या. राजधानी जाण्याची वेळ आली, आणि विजरई कोंदि द आल्व्होर यानें आपली अधिकारकाठी सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशीं नेऊन ठेवली, ही कथा प्रसिद्ध आहे. जानेवारी १६८४ त मोंगली फौज जवळ आल्यानें मराठे परतले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आंत, २७ जून १६८४ रोजीं, त्याच विजरईनें फर्मान काढलें कीं लोकांनीं तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें. या दोन गोष्टींच्या लागोपाठ येण्यास आम्ही योगायोग म्हणूं शकत नाहीं. सीमेपलीकडील मराठी सत्तेची भाषा व चर्चमधील पुराणाची भाषा एक, ही गोष्ट भेदरलेल्या राज्यकर्त्यास खुपली नसेल तरच आश्चर्य. शंभर वर्षें त्या महालांत ख्रिस्ती होऊन राहिलेल्या प्रजेची निष्ठाही तिच्या बोलीमुळें संशयास्पद ठरली. फर्मानानें कोंकणी मेली नाहीं. पण पाद्र्यांनीं तिचा व तिच्या बहिणीचा अभ्यास करण्याची परंपरा मात्र खुंटली. १७३६ त इन्क्विझिशननें निषिद्ध चालीरीतींची जी लांबलचक यादी प्रसिद्ध केली तींत लग्नघरीं ओंव्या गाण्याचीही गणना आहे. ज्या छंदांत चर्चनें ख्रिस्ताचें चरित्र गावविलें तोच छंद सव्वाशें वर्षांनीं बायकांच्या तोंडीं गुन्हा ठरला. एवढें मात्र त्या यादीवरून नक्की कळतें कीं १७३६ पर्यंत साष्टींतील ख्रिस्ती घरांत ओंव्या गाइल्या जात होत्या. कोणी गात नाहीं त्यावर बंदी कोण घालील?

हस्तलिखितें टिकलीं तीं मुख्यतः गोव्याबाहेर. दुष्काळ, लढाया व इन्क्विझिशन यांस कंटाळून जीं ख्रिस्ती कुटुंबें दक्षिणेस कानडा प्रांतांत गेलीं त्यांनीं शेतीच्या अवजारांबरोबर पुराणाच्या नकलाही नेल्या. १७८४ त टिपूनें तेथील ख्रिस्ती प्रजेस पकडून श्रीरंगपट्टणास नेलें, चर्चें पाडलीं. १७९९ नंतर उरलेले परत आले. इतक्या हालांतून गेलेल्या लोकांच्या घरीं सव्वाशें वर्षांनंतर सालढाणा यांस नकला मिळाल्या. मंगळूरच्या या घरांत बोलण्याची भाषा कोंकणी, बाजाराची तुळु, कचेरीची कानडी. मराठीशीं त्यांचा व्यवहार असा उरलाच नव्हता. तरीही पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी तीं पानें रोमन अक्षरांत पुन्हां पुन्हां उतरून काढीत होतें. या नकलांच्या समासांत व शेवटच्या पानांवर लिहिणारांनीं काय काय टिपून ठेवलें आहे, कोणत्या अध्यायांचीं पानें हाताळून अधिक मळलीं आहेत, कोठें एखादा शब्द ऐकणाऱ्यास कळावा म्हणून बदलला आहे, हें शुद्ध पाठाच्या शोधांत निघालेल्या संपादकांनीं नोंदण्यालायक मानलेलें नाहीं. श्रोत्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास आरंभ त्या मळलेल्या पानांपासून करावा लागेल.